दोन राज्यांत दोन घरं असताना हँडगन कुठून घ्यायची: अमेरिकेतल्या रहिवासाचे नियम, कागद आणि क्रम

न्यू जर्सीत घर आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात सुट्टीचं घर. बे एरियात नोकरी आणि टाहोपलीकडे नेवाडात केबिन. न्यूयॉर्कात संसार आणि निवृत्तीसाठी आधीच घेतलेला फ्लोरिडातला काँडो. अशी जोडघरं असलेली मराठी कुटुंबं अमेरिकेत आता पुष्कळ आहेत. त्यांतल्या ज्यांना कायदेशीर हँडगन घ्यायची असते, ते बहुतेक एकाच गैरसमजातून सुरुवात करतात: "तिथे आमचं घर आहे, आम्ही प्रॉपर्टी टॅक्स भरतो, म्हणजे तिथून घेता येईल." एवढ्यावर ती घेता येत नाही. याच्या उलट, "माझं ड्रायव्हिंग लायसन्स दुसऱ्या राज्याचं आहे, म्हणजे तिथे मिळणारच नाही" हा समजही तितकाच चुकीचा.

घर कोणाच्या नावावर आहे हे संघराज्याचा कायदा मुख्यतः विचारत नाही. खरेदीच्या दिवशी तुम्ही त्या राज्यात खरोखर राहताय का, आणि ते सरकारी कागदाने दाखवता येतं का, एवढंच तो विचारतो. पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. दुकानात जाऊन मॉडेल पसंत करणं आणि मग कागद शोधणं हा उलटा क्रम आहे, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात.

## टप्पा १: मुळात तुम्ही घेऊ शकता का?

रहिवासाचा प्रश्न त्यानंतरचा. आधी स्वतःचा इमिग्रेशन दर्जा बघा.

अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक घेऊ शकतात, अर्थात कायद्यातली दुसरी कुठली बंदी लागू नसेल तर. एच-१बी, एल-१, एच-४, एफ-१, बी-२ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना बंदूक घेण्यालाच नाही, तर जवळ बाळगण्यालाही संघराज्य कायद्याने मनाई आहे. याला ठरावीक अपवाद आहेत. सर्वांत परिचित अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. पण या एका परवान्याच्या भरवशावर एच-१बीवर असताना वकिलाला न विचारता पुढे जाऊ नका. इथे चूक झाली तर गुन्ह्याबरोबर इमिग्रेशनही पणाला लागतं. ग्रीन कार्डचा अर्ज "पेंडिंग" असणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे.

परवानाधारक डीलरकडून हँडगन घ्यायला संघराज्य कायद्यात वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. या अटीवर कोर्टात वाद चालू आहेत, पण दुकानदार हीच अट लावेल असं धरून चाला. गंभीर गुन्ह्यात शिक्षा, घरगुती हिंसाचाराची शिक्षा किंवा संरक्षण आदेश यांपैकी काही असेल तर इथेच थांबा. गांजाचंही तसंच. तुमच्या दोन्ही राज्यांत तो कायदेशीर असला, डॉक्टरांनी लिहून दिलेला असला, तरी संघराज्य कायदा तो मानत नाही, आणि खरेदीच्या वेळी दुकानात भरायच्या फॉर्मवर तशी ठळक सूचना छापलेली असते.

सावधान: घरी आलेल्या आई-वडिलांचा व्हिसा बी-२ असतो. तुम्ही बाहेर असताना तिजोरीची किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे ठेवू नका. भारतातून फिरायला आलेल्या भाच्याला हौस म्हणून रेंजवर नेऊन पिस्तूल हातात देणं, हेही याच मनाईत येतं. आपल्याकडे पाहुण्यांचा राबता मोठा असतो, म्हणून हे आधी सांगितलं.

## टप्पा २: तुम्ही कोणत्या राज्याचे रहिवासी, आणि कधी?

१९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार डीलर परराज्यातल्या रहिवाशाला हँडगन काउंटरवरून देऊ शकत नाही. रायफल आणि शॉटगनला सवलत आहे, दोन्ही राज्यांचे कायदे पाळले तर त्या देता येतात. हँडगनला ती सवलत नाही. म्हणून "माझ्या मित्राने टेक्सासमधून शॉटगन आणली, मग मीही पिस्तूल आणेन" हा हिशेब चुकतो.

मग रहिवासी कोण? एटीएफच्या (बंदुकांच्या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्य खात्याच्या) नियमावलीतली व्याख्या दोन भागांची आहे: ती व्यक्ती त्या राज्यात हजर असावी, आणि तिथे घर करून राहण्याचा तिचा इरादा असावा. दोन घरांचं उदाहरण नियमावलीतच दिलं आहे. एखादा माणूस एका राज्यात राहतो आणि शनिवार-रविवार किंवा उन्हाळ्याचे महिने दुसऱ्या राज्यातल्या आपल्या घरी काढतो. तो ज्या काळात पहिल्या घरी खरोखर राहतो त्या काळात पहिल्या राज्याचा रहिवासी, आणि ज्या काळात दुसऱ्या घरी राहतो त्या काळात दुसऱ्या राज्याचा. दोन्ही राज्यांचा एकाच वेळी नाही. शिकारीला, मासेमारीला किंवा कामानिमित्त गेलेला माणूस मात्र तिथला रहिवासी होत नाही.

किती दिवस राहायला हवं? संघराज्य कायद्यात असा आकडा नाही. परदेशी नागरिकांसाठी पूर्वी ९० दिवसांची अट होती, ती २०१२ मध्ये काढली गेली. जुन्या माहितीत ती अजून दिसते, तिच्यामागे जाऊ नका.

यातून रोजच्या व्यवहारातले काही निकाल निघतात. दुसरं घर वर्षभर भाड्याने दिलेलं आहे आणि तुम्ही तिथे कधी मुक्कामालाच जात नाही? मग ती गुंतवणूक आहे. तिच्या जोरावर तुम्ही त्या राज्याचे रहिवासी ठरत नाही. रिकामा प्लॉट असेल तर प्रश्नच नाही. उलट, दुसरं घर भाड्याचं असलं तरी तुम्ही दर उन्हाळा तिथे संसार मांडून राहत असाल तर रहिवास होऊ शकतो. मालकी पुरेशी नाही आणि आवश्यकही नाही. टाइमशेअरचा एक आठवडा मला यात बसत नाही. तो सुट्टीचा मुक्काम आहे.

आयकराच्या हिशेबातलं डोमिसाइल (कायमचं अधिकृत घर) इथे आणू नका. न्यूयॉर्कचा १८३ दिवसांचा नियम करासाठी आहे. फ्लोरिडात डोमिसाइल घोषित केलेला माणूस जुलैत आपल्या न्यूयॉर्कच्या घरी राहत असेल, तर त्या दिवशी बंदुकीच्या कायद्यात तो न्यूयॉर्कचा रहिवासी आहे.

सैन्यात सक्रिय सेवेत असलेल्यांना कायमस्वरूपी नेमणुकीचं ठिकाण ज्या राज्यात ते राज्य लागू होतं. परराज्यात वसतिगृहात राहणारे कॉलेजचे विद्यार्थी सत्र चालू असताना त्या राज्याचे रहिवासी मानले जातात.

तपासा: "ज्या दिवशी मी दुकानात जाणार, त्याच्या आदल्या रात्री मी कुठे झोपलो असेन आणि त्या रात्री कुठे झोपणार आहे?" दोन्ही उत्तरं त्याच राज्यातल्या तुमच्या घराची हवीत. असं कायद्यात लिहिलेलं नाही. ही माझी कसोटी आहे, पण तिने बहुतेक चुका टळतात. एडिसनहून सकाळी निघून स्ट्राउड्सबर्गच्या दुकानात जाऊन दुपारी परत येणं म्हणजे न्यू जर्सीच्या रहिवाशाने पेनसिल्व्हेनियात खरेदी करणं. घर शेजारच्या गल्लीत असलं तरी.

## टप्पा ३: दोन्ही राज्यांचे कायदे वाचा, फक्त खरेदीच्या राज्याचे नाही

लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ. संघराज्याने परवानगी दिली म्हणून राज्य देतं असं नाही. आणि खरेदी एका राज्यात बरोबर झाली म्हणून ती वस्तू दुसऱ्या घरी नेता येते, असंही नाही.

कॅलिफोर्निया आणि नेवाडा. समजा तुम्ही सॅन होजेत राहता आणि उन्हाळ्यात नेवाडातल्या केबिनवर असता. केबिनवर राहत असताना तिथल्या डीलरकडून घेतलेली हँडगन संघराज्य कायद्यात बसू शकते. पण कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम २७५८५ सांगतं, की १ जानेवारी २०१५ नंतर राज्याबाहेर मिळवलेली बंदूक कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाने स्वतः राज्यात आणायची नाही; ती आधी कॅलिफोर्नियातल्या डीलरकडे पोचली पाहिजे. म्हणजे ती पिस्तूल गाडीत घालून डॉनर पासमार्गे घरी आणली की गुन्हा. त्यात कॅलिफोर्नियाच्या मंजूर यादीत नसलेलं मॉडेल असेल तर तिथला डीलरही अडकतो, आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही. अशा जोडीत दोनच रस्ते सरळ आहेत: नेवाडात घेतलेली नेवाडातच ठेवायची, नाहीतर कॅलिफोर्नियात राहणीच्या काळात तिथूनच घ्यायची. कॅलिफोर्नियात घ्यायची तर फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा, १० दिवसांची प्रतीक्षा, कॅलिफोर्नियाचंच लायसन्स किंवा आयडी, आणि राहत्या पत्त्याचा वेगळा पुरावा लागतो. कॅलिफोर्नियाचं दुसरं घर आणि नेवाडाचं लायसन्स, अशी उलटी जोडी असेल तर कॅलिफोर्नियात खरेदी व्यवहारात होत नाही.

न्यूयॉर्क. इथे हँडगन स्वतःच्या घरात ठेवायलाही परवाना लागतो आणि प्रत्येक हँडगन त्या परवान्यावर नोंदलेली असावी लागते. फ्लोरिडात रीतसर घेतलेली पिस्तूल परवान्याशिवाय लाँग आयलंडच्या घरी आणली तर फ्लोरिडाची पावती काही कामाची नाही. न्यूयॉर्क शहराचं प्रकरण आणखी वेगळं: राज्याच्या इतर भागातला परवाना शहरात आपोआप चालत नाही.

दुसऱ्या घराच्या मालकांना न्यूयॉर्कात परवाना मिळतो का, यावर तिथल्या सर्वोच्च कोर्टाचा निकाल आहे. स्कोहारी काउंटीत घर असलेल्या आल्फ्रेड ऑस्टरवाइल यांनी २००८ मध्ये हँडगनच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज चालू असताना त्यांनी आपलं मुख्य घर लुइझियानाला हलवलं आणि न्यूयॉर्कचं घर वर्षातल्या काही काळासाठी ठेवलं, आणि हे त्यांनी अधिकाऱ्यांना प्रामाणिकपणे कळवलं. डोमिसाइल न्यूयॉर्कचं नाही म्हणून परवाना नाकारला गेला. प्रकरण संघराज्य कोर्टात गेलं, तिथून प्रश्न न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सकडे आला, आणि २०१३ मध्ये निकाल लागला: कायद्याला डोमिसाइल नको, रहिवास पुरे. त्यांची बाजू बरोबर होती, आणि ती बरोबर ठरायला पाच वर्षं गेली. म्हणून तुमचं अर्धवेळ घर न्यूयॉर्कात असेल तर परवान्याचा अर्ज आधी, खरेदीचा विचार नंतर.

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया. न्यू जर्सीत हँडगन घ्यायला प्रत्येक वेळी स्थानिक पोलिसांकडून खरेदीचा परवाना काढावा लागतो. पेनसिल्व्हेनियात असा परवाना नाही, राज्य पोलिसांची तपासणी दुकानातच होते. म्हणून पोकोनोचं घर असलेल्यांना तिथली खरेदी सोपी वाटते. घेणं सोपं आहेच, अडचण ने-आणीत आहे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात घरातून सुट्टीच्या घरी आणि परत, रिकामी आणि नीट गुंडाळलेली बंदूक नेण्याची मुभा शब्दशः दिलेली आहे. न्यू जर्सीच्या कायद्यातली मुभा मात्र एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवताना, अशी आहे. दर शुक्रवारी डेलावेअर नदी ओलांडून जाणारा माणूस बिऱ्हाड हलवत नसतो. न्यू जर्सीत बेकायदा हँडगन बाळगण्याला सक्तीची किमान कैद आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेने ट्रॅफिक पोलिसाला आपल्याजवळ बंदूक आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना असल्याचं स्वतःहून सांगितलं आणि तिला अटक झाली. शेवटी गव्हर्नरच्या माफीने ती सुटली. या जोडीतल्या लोकांना मी एकच सांगतो: पोकोनोत घेतलेली पोकोनोतच तिजोरीत ठेवा, आणि न्यू जर्सीत नेण्याचा विचार असेल तर आधी न्यू जर्सीचा वकील गाठा.

इतर राज्यांतही अशा अटी आहेत. इलिनॉयला फॉईड कार्ड (बंदूक बाळगण्यासाठीचं राज्याचं ओळखपत्र) लागतं आणि त्यासाठी इलिनॉयचं लायसन्स किंवा आयडी. मॅसॅच्युसेट्सला वेगळा परवाना. टेक्सास आणि अॅरिझोनात खरेदीसाठी राज्याचा परवाना नाही. नॉर्थ कॅरोलायनातला शेरीफचा खरेदी परवाना २०२३ मध्ये रद्द झाला.

तपासा: एका कागदावर दोन रकाने करा, प्रत्येक राज्याचा एक. खाली चार प्रश्न लिहा. घ्यायला परवाना लागतो का? घरात ठेवायला लागतो का? बाहेरून आणायला बंदी किंवा नोंदणी आहे का? मॉडेल आणि मॅगझिनवर मर्यादा आहे का? उत्तरं राज्य पोलिसांच्या किंवा अॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावरून घ्या. चारांपैकी एकाही प्रश्नाच्या उत्तरात "बहुतेक" असेल तर पुढचा टप्पा नाही.

## टप्पा ४: कागद जमवा

डीलरला तुमचं नाव, फोटो, जन्मतारीख आणि राहत्या घराचा पत्ता सरकारी कागदावर बघावा लागतो. दोन घरं असलेल्यांची अडचण अशी, की रिअल आयडीच्या (लायसन्स आणि ओळखपत्रांबद्दलच्या संघराज्य कायद्याच्या) नियमांनुसार दोन राज्यांची दोन लायसन्सं जवळ ठेवता येत नाहीत. मग फ्लोरिडातल्या काँडोत राहताना न्यूयॉर्कचं लायसन्स दाखवून कसं भागायचं?

एटीएफने यासाठी कागदांची जोडी मान्य केली आहे. फोटोसाठी पहिल्या राज्याचं चालू मुदतीचं लायसन्स, आणि त्याला जोडून दुसऱ्या राज्यातल्या घराचा पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद: वाहनाची नोंदणी, शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. नाव आणि पत्ता दोन्ही त्यावर हवेत. तुमच्याकडे दुसऱ्या घरी कायम उभी असलेली गाडी असेल आणि तिची नोंदणी त्याच राज्यात, त्याच पत्त्यावर असेल, तर तो माझ्या मते सर्वांत भक्कम कागद आहे; त्यातून तुम्ही तिथे राहता हेही दिसतं.

काय चालत नाही: खासगी कंपनीचं विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, घरमालकाशी केलेला करार, एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) पावती. हे सरकारी कागद नाहीत. राज्याने वेगळा पुरावा म्हणून मागितले तर द्या, पण संघराज्याच्या फॉर्मसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात दोन खाचखळगे आहेत. बिलावर घराचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगवेगळे छापलेले असतात, आणि बरेचदा पत्रव्यवहाराचा पत्ता पहिल्या घराचाच असतो. दुसरं, घर एलएलसीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असेल तर बिलावर तुमचं नावच नसतं. पती-पत्नींपैकी एकाच्याच नावावर घर असेल तर दुसऱ्याला ते बिल उपयोगी नाही.

सावधान: पुरावा हवा म्हणून दुसऱ्या राज्यात मतदार नोंदणी करू नका. एकाच वेळी दोन ठिकाणी मतदान हा गुन्हा आहे, आणि ग्रीन कार्डधारकाने तर मतदार नोंदणीच्या वाटेला जाऊच नये. तसंच फ्लोरिडाची होमस्टेड सवलत (राहत्या घरावरची करसवलत) केवळ कागद मिळावा म्हणून मागू नका. ती कायमच्या घरासाठी असते.

आपल्या लोकांसाठी आणखी एक. नावं जुळवून घ्या. लायसन्सवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून आहे, ग्रीन कार्डवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं आहे, गाडीच्या नोंदणीवर फक्त आद्याक्षर आहे, असं आपल्याकडे सर्रास असतं. कागद जमवतानाच हे दुरुस्त करून घ्या.

## टप्पा ५: डीलरला आधी फोन करा

डीलरवर विकण्याची सक्ती नाही. परराज्याचं लायसन्स दिसलं की सरळ नाही म्हणणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा परवाना पणाला लागलेला असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फोनवर नेमकं सांगा: "माझी दोन राज्यांत घरं आहेत. मी सध्या इथल्या घरी राहतोय. लायसन्स अमुक राज्याचं आहे आणि इथल्या पत्त्यावर गाडीची नोंदणी आहे. तुम्ही हे कागद घेता का?" हो म्हणाले तर त्या माणसाचं नाव विचारून ठेवा.

ऑनलाइन मागवत असाल तर माल तुमच्या घरी येत नाही, तुम्ही निवडलेल्या परवानाधारक डीलरकडे येतो. पोचेल त्या दिवसांत तुम्ही ज्या राज्यात राहत असाल तिथलाच डीलर निवडा. आणि हाच मार्ग सगळ्यांना खुला आहे: दुसऱ्या राज्यातल्या दुकानात मनासारखं मॉडेल दिसलं आणि रहिवासाचे कागद नाहीत, तर तो डीलर ते तुमच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवू शकतो. थोडा खर्च वाढतो. पण कुठलाही संशय राहत नाही, म्हणून ज्यांचे कागद अर्धवट आहेत त्यांना मी हाच रस्ता सुचवतो.

सावधान: दुसऱ्या घराच्या शेजाऱ्याकडून खासगीत घेऊ नका. विकणाऱ्याला तुम्ही परराज्याचे रहिवासी आहात असं वाटायला कारण असेल तर तोही अडचणीत येतो. पेनसिल्व्हेनियात तर हँडगनचा खासगी व्यवहारही डीलर किंवा शेरीफमार्फतच करावा लागतो.

## टप्पा ६: फॉर्म ४४७३ भरणं

हा एटीएफचा फॉर्म दुकानातच, तुमच्याच हाताने किंवा दुकानाच्या संगणकावर भरायचा. तुम्ही सही करता ती शपथेसारखी असते. जाणूनबुजून खोटं लिहिल्यास संघराज्य कायद्यात १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पत्ता. फॉर्मच्या सूचनांत स्पष्ट आहे: दोन राज्यांत रहिवास असेल तर सध्या जिथे राहताय तो पत्ता लिहा, सुट्टीच्या घरी राहताना घेताय तर सुट्टीच्या घराचा. लायसन्सवरचा पत्ता सवयीने उतरवून काढणं ही सर्वांत नेहमीची चूक. पोस्ट बॉक्स चालत नाही.

नाव. मधलं नाव पूर्ण लिहायचं. अधिकृत नावातच फक्त आद्याक्षर असेल तर त्यापुढे आयओ, मधलं नाव नसेल तर एनएमएन, अशी नोंद फॉर्मच मागतो.

वंश. हिस्पॅनिक आहात का, हा एक प्रश्न आणि वंश हा दुसरा. दोन्हींना उत्तर लागतं. आपण "एशियन" मध्ये येतो. "अमेरिकन इंडियन" हा इथल्या मूलनिवासींचा रकाना आहे, त्यावर खूण करू नका.

नागरिकत्व. ओसीआय कार्ड म्हणजे भारतीय नागरिकत्व नाही. अमेरिकी नागरिक झाला असाल तर फक्त अमेरिका. ग्रीन कार्डधारकांनी कार्डावरचा यूएससीआयएस क्रमांक लिहायचा.

खरा खरेदीदार कोण? या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या, कारण दोन घरांच्या कुटुंबात "तू तिकडे आहेस तर माझ्यासाठी घेऊन ठेव" हे सहज बोललं जातं. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्यात व्हर्जिनियातल्या पुतण्याने पेनसिल्व्हेनियातल्या काकांसाठी, काकांनी पाठवलेल्या पैशांतून पिस्तूल घेतली. दोघेही घ्यायला पात्र होते. पुढचं हस्तांतरही पेनसिल्व्हेनियातल्या डीलरमार्फत रीतसर झालं. तरी फॉर्मवर "खरा खरेदीदार मीच" असं लिहिलं म्हणून झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला बंदुकीची बंदी आहे हे माहीत असून केलेल्या परस्पर खरेदीला २०२२ च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. स्वतःच्या पैशाने खरीखुरी भेट देता येते, पण घेणारा दुसऱ्या राज्यात राहत असेल तर ती भेटही तिथल्या डीलरमार्फतच पोचली पाहिजे.

## टप्पा ७: तपासणी, प्रतीक्षा, ताबा

डीलर पार्श्वभूमी तपासणी करतो, काही राज्यांत एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेकडून, काहींत राज्याच्या स्वतःच्या यंत्रणेमार्फत. उत्तर येतं: पुढे जा, थांबा, किंवा नकार. "थांबा" आलं तर तीन कामकाजाचे दिवस उलटल्यावर संघराज्य कायदा डीलरला देण्याची मुभा देतो, पण तो बांधील नाही, आणि राज्याचा नियम जास्त कडक असू शकतो. नावसाधर्म्यामुळे दर वेळी अडकत असाल तर एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलसाठी अर्ज करून युनिक क्रमांक मिळवा. जोशी, पाटील, कुलकर्णी अशा आडनावांना त्याचा उपयोग होऊ शकतो.

दोन घरांच्या लोकांना या प्रतीक्षेत एक पेच पडतो. फ्लोरिडात डीलरकडून हँडगन घेताना तीन दिवस थांबावं लागतं, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून नाही. तिथला छुपं शस्त्र बाळगण्याचा परवाना असेल तर ही अट नाही. बुधवारी फॉर्म भरला आणि रविवारी तुम्ही न्यूयॉर्कला परतलात, तर ताबा घेण्याच्या दिवशी तुम्ही कुठले रहिवासी? ताबा वेगळ्या दिवशी असेल तर फॉर्मवर पुन्हा सही करून आधीची उत्तरं अजून खरी आहेत असं सांगावं लागतं. म्हणून खरेदी मुक्कामाच्या सुरुवातीला करा. परतल्यावर फक्त बंदूक उचलायला विमानाने येऊ नका. पुढच्या मुक्कामात घ्या, आणि तोवर तपासणीची ३० दिवसांची मुदत उलटली तर ती नव्याने होईल.

पाच कामकाजाच्या दिवसांत एकाच डीलरकडून दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या तर डीलर त्याची माहिती एटीएफला कळवतो. तो गुन्हा नाही, पण दोन घरांसाठी दोन घेताना हे माहीत असावं.

## टप्पा ८: एका घरातून दुसऱ्या घरी

टप्पा ३ मधल्या कागदावर दोन्ही रकाने स्वच्छ असतील तरच. संघराज्य कायद्याचं कलम ९२६ए प्रवासाला संरक्षण देतं, पण अटींसह: निघण्याच्या आणि पोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ती बाळगणं कायदेशीर हवं, बंदूक रिकामी हवी, ती आणि गोळ्या हाताशी नसाव्यात. डिकीत ठेवा. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटीत. ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल चालत नाही, कुलूप असलं तरी.

हे संरक्षण वाटेतल्या मुक्कामात गळून पडू शकतं. २००५ मध्ये युटाहून निघालेल्या एका प्रवाशाचं न्यूअर्कला पुढचं विमान चुकलं. त्याने सामान हातात घेतलं, हॉटेलात रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर बंदूक रीतसर जाहीर केली. तिथेच अटक झाली. हॉटेलात बंदूक त्याच्या आवाक्यात होती म्हणून कलम ९२६ए लागू होत नाही, असं २०१० मध्ये अपील कोर्टाने म्हटलं. विमानाने न्यायची तर कुलूपबंद टणक पेटीत, रिकामी, चेक-इनच्या काउंटरवर जाहीर करून. आणि न्यूयॉर्क-न्यू जर्सीतून जाणारं जोडविमान घेऊ नका, थेट उड्डाण बघा.

ज्या घरात तुम्ही महिनोन्महिने नसता तिथे बंदूक ठेवणार असाल तर जमिनीत किंवा भिंतीत बोल्टने पक्की केलेली तिजोरी घ्या. अनुक्रमांक, मॉडेल आणि पावतीचा फोटो दुसऱ्या घरी ठेवा. चोरी झाली तर पोलिसांना तेवढंच देता येतं. ते घर अधूनमधून एअरबीएनबीवर देत असाल तर पाहुणे असताना बंदूक तिथे असू नये, तिजोरीत असली तरी.

दुसरं घर विकायला काढलं की बंदुकीचं काय करायचं हे करारावर सही करण्याआधी ठरवा. घराचा ताबा गेला की त्या राज्यातला रहिवासही संपतो, आणि मग ती पहिल्या घरी आणता येत नसेल तर त्याच राज्यातल्या डीलरला विकणं हा सरळ मार्ग उरतो. मृत्युपत्राने मिळालेल्या हँडगनला आंतरराज्य बंदीतून संघराज्य कायद्याने सूट दिली आहे, पण वारसाच्या राज्याचा परवाना आणि नोंदणीच्या अटी त्यालाही चुकत नाहीत. म्हणून मृत्युपत्रात बंदूक कोणत्या घरी, कोणत्या तिजोरीत आहे आणि परवाना कोणाच्या नावावर आहे, हे लिहून ठेवा.